सायकल घ्या, पण आधी माप घ्या

कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये नजर टाकली, तर भिंतीला टेकवून ठेवलेल्या, धूळ साचलेल्या दोन-तीन सायकली हमखास दिसतात. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, हॅण्डलवर गिअरची बटणे. यातल्या बऱ्याच सायकली रक्तातली साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे कळल्यावर उत्साहाने घेतलेल्या असतात. दोन-तीन आठवडे त्या चालतात, मग गुडघा दुखू लागतो आणि ‘सायकल आपल्याला मानवत नाही’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा दोष गुडघ्याचा नसतो. सीट खाली असते.

आपल्याकडे सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा आग्रह असतो. दुकानदारही तशीच सीट बसवून देतो. अशा सीटवर पायडल वर आले की गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो आणि त्याच अवस्थेत त्याला जोर लावावा लागतो. गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. एका मिनिटात पन्नास-साठ वेळा, असे वीस मिनिटे झाले की वाटीभोवती दुखू लागते आणि जिना उतरताना ते जास्त जाणवते.

माप घेणे अवघड नाही. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायडलवर चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा किंचित बाक आपोआप राहतो. सीट एकदम वर न घेता चार-पाच दिवसांनी थोडी थोडी वाढवावी. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करावी लागते. ती आठवड्याभरात होते. ज्यांचा तोल कच्चा आहे, त्यांनी मात्र सीट थोडी खालीच ठेवलेली बरी.

दुखणे कुठे आहे यावरून चूक ओळखता येते. गुडघ्याच्या पुढे दुखले तर सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखले आणि चालवताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर ती फार वर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर शरीराचा भार तळहातावर पडून तिथली नस दबते आहे. हॅण्डल वर घ्यावे. जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा येत असेल, तर बहुधा सीटचे टोक वर उचललेले असते. संकोचापोटी अनेक जण ही तक्रार कोणाला सांगतच नाहीत. सीट पाना लावून सपाट करावी आणि त्यानेही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आता सायकल कोणती? रोज कामावर, मंडईत किंवा बँकेत जाण्यासाठी डोंगरात चालवायची सायकल लागत नाही. तिचे जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर उगाच दम काढतात आणि स्वस्त शॉकॲब्सॉर्बर वजन तेवढे वाढवतात. पाठ ताठ ठेवून बसता येईल अशी, मध्यम जाडीच्या टायरची साधी सायकल बरी. मधली दांडी नसलेली, ज्याला आपण ‘लेडीज’ म्हणतो ती सायकल, पन्नाशीनंतर पुरुषांनीही घ्यायला हरकत नाही. आखडलेल्या खुब्याने पाय मागून टाकण्याची कसरत वाचते आणि त्या प्रयत्नात पडणेही. गिअर हवेत का, हे रस्त्यावरच्या चढावर ठरते. सपाट गावात एकही नसला तरी चालते.

सोबतच्या वस्तूंत मडगार्ड, कॅरिअर, चेनवरचे झाकण आणि स्टँड आधी. बाटली, मोबाइलचा होल्डर वगैरे नंतर. पिशवी हॅण्डलला लटकवू नये, ती चाकात जाते. साडीचा पदर आणि ओढणी यांचेही तेच. मागच्या चाकावर जाळी बसवून घ्यावी. पुढे पांढरा व मागे लाल दिवा आवश्यकच. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे येईल असे घालावे आणि पट्टा हनुवटीखाली बांधावा. न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते. एकदा आपटलेले हेल्मेट बदलावे.

रस्त्याचा प्रश्न याहून मोठा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याचेच पाहू. बीआरटीबरोबर सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने सायकल मार्ग झाले, २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. प्रत्यक्षात मार्ग मध्येच संपतो, कुठे त्यावर टपरी असते, कुठे दुचाकी. तेव्हा आपला रस्ता आपणच शोधायचा. कोथरूडहून डेक्कनला जाणारा माणूस सवयीने कर्वे रस्ता धरतो, कारण दुचाकीवर तोच जवळचा असतो. सायकलवाल्याने नळ स्टॉपपासून लॉ कॉलेज रस्त्याकडे वळून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून गेले, तर काही मिनिटे जास्त लागतात, पण झाडांची सावली मिळते आणि बसचा धूर थेट नाकात जात नाही. मोठ्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत गेले तरी धुराचे प्रमाण बरेच उतरते. याच प्रवासात जाताना उतार आणि संध्याकाळी दमल्यावर चढ असतो, हेही लक्षात घ्यावे. चढावर उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही. नदी ओलांडायला भिडे पूल धरणाऱ्यांनी पावसाळ्यासाठी दुसरा पूल ठरवून ठेवावा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? चार किलोमीटरला सावकाश वीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन चाळीस, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे २०० मिनिटे. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोटार किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. मुळात धडधाकट माणसेच सायकल चालवतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर घेता येतो आणि तो पूर्ण खोडता येत नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

काहींनी सुरुवात जपून करावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरले, घाम फुटला की थांबून ते खावे. चढावर छातीत दाब वाटून थांबल्यावर तो ओसरत असेल, तर सायकल बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्यावर पडल्यास, काही दुखत नसले तरी रुग्णालय गाठावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनीही लक्षणे दाखवू शकतो.

नव्या रस्त्याची पहिली फेरी कामाच्या दिवशी करू नये. रविवारी सकाळी जाऊन खड्डे, चढ आणि उजवीकडे वळायच्या अडचणीच्या जागा पाहून घ्याव्यात. ऑफिसच्या आवारात सायकल कुठे लावता येईल, तिथे साखळी अडकवायला पक्का खांब आहे का आणि वाटेत पंक्चरचे दुकान कोणत्या चौकात आहे, हेही त्याच फेरीत समजते.