वृषण उतरत नाही तेव्हा… हाडांचे काय?

पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी दोन ते चार जणांची एक किंवा दोन्ही वृषणे जन्मतः अंडकोशात उतरलेली नसतात. पुष्कळदा ती पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. गर्भातल्या या प्रवासाचा पहिला टप्पा ‘आयएनएसएल-३’ हे संप्रेरक घडवून आणते. ते वृषणातल्या लायडिग पेशींत तयार होते. टेस्टोस्टेरॉनही त्याच पेशी बनवतात.

प्रवास संपला तरी प्रौढ पुरुषाच्या रक्तात हे संप्रेरक भरपूर असते. कशासाठी? इटलीतल्या पादुआ येथील आल्बेर्तो फेर्लिन, कार्लो फोरेस्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या संप्रेरकाचा संदेश पेशीवर स्वीकारणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकात बदल असलेले २७ ते ४१ वयाचे २५ पुरुष तपासले. त्यांतल्या १६ जणांची हाडांची घनता लक्षणीय कमी भरली आणि टेस्टोस्टेरॉन मात्र व्यवस्थित होते! म्हणजे केवळ टेस्टोस्टेरॉन मोजून पुरुषाच्या हाडांबद्दल निश्चिंत होणे धोक्याचे. हाड बांधणाऱ्या पेशींवरही ही ग्राही असते. ती नसलेल्या उंदरांतही हाडे विरळ आढळली.

हा जनुकबदल फार थोड्यांत असतो, त्यामुळे पालकांनी घाबरू नये. सहा महिन्यांनंतरही वृषण जागेवर नसेल, तर बाळाला बालशल्यचिकित्सकांकडे न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो दीड वर्षाच्या आत करतात. लहानपणी ती झालेल्या तरुणाचे हाड किरकोळ पडण्याने मोडले, तर त्याने संकोच न करता हा इतिहास डॉक्टरांना सांगावा आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारावे.