२१ दिवसांत १० किलो? आधी गणित करून बघा

बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघताना कधी खांबांकडे लक्ष गेलंय? 'व्यायाम नाही, औषध नाही, २१ दिवसांत १० किलो कमी' असा कागद आणि खाली मोबाइल नंबर. पालघरला उतरलात तरी तोच कागद, फक्त नंबर वेगळा. खांबावर नाही दिसला तर मोबाइल उघडा, तिथे रील्स तयारच असतात. आणि आपल्याला तर घाईच असते. ताईच्या लग्नाला तीन आठवडे उरलेत, फेस्टला महिना आहे, भरतीची तारीख कधीही येईल.

मलाही होती घाई. सेकंड इयरची परीक्षा संपली आणि मावसबहिणीच्या लग्नाला २४ दिवस होते. माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. एका रीलमध्ये बघून सुरू केलं: सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री वाटीभर डाळीचं पाणी. पाचव्या दिवशी काटा दोन किलोंनी खाली! लग्नाच्या दिवशी वजन साडेपन्नास. 'किती बारीक झालीस गं!' असं प्रत्येक मावशीनं म्हटलं आणि मी हवेत.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात पालघरच्या फलाटावर विरारच्या लोकलची वाट बघताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी मासळीची टोपली घेऊन बसलेल्या एका मावशींनी मला धरलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलैत केस पुंजक्यानं गळायला लागले. दोन महिने पाळी आली नाही. दिवाळीत काट्यावर उभी राहिले तर ५८. म्हणजे जिथून निघाले होते, त्याच्याही दोन किलो पुढे!

म्हणून हा लेख. वजन कमी करू नका, असं मी सांगणार नाही. पण किती वेगानं करायचं, हा प्रश्न मी तेव्हा कुणालाच विचारला नव्हता. तुम्ही तो आधी विचारा.

कागदावरचा दावा, वहीतला हिशेब

कॅल्क्युलेटर काढा. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १० किलो चरबी म्हणजे ७७ हजार. २१ दिवसांनी भागलं की रोज जवळपास ३,६७० कॅलरींची तूट हवी. आता आपण दिवसभरात जाळतो किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांनुसार, बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण १,६६० कॅलरी लागतात आणि ६५ किलोच्या पुरुषाला २,११०.

म्हणजे एखाद्या मुलीनं २१ दिवस अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी हिशेबानं जास्तीत जास्त साडेचार किलो चरबी जाईल. मुलाची पावणेसहा. उपाशी राहूनही जे होत नाही, ते खांबावरचा कागद जेवण देऊन करणार आहे!

मग काटा खाली जातो तो कशानं?

पाण्यानं. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, साधारण चार-पाचशे ग्रॅम. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा आधी संपतो आणि ते पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो मुख्यतः हेच. पुन्हा नीट जेवायला लागलात की दोन-चार दिवसांत परत.

याचं टोक आपण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बघितलं. पैलवान अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं. विनेश फोगाटनं ५० किलो गटात एका दिवसात तीन लढती जिंकल्या, रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी ७ ऑगस्टच्या सकाळी काटा १०० ग्रॅमनं जास्त निघाला आणि ती अपात्र ठरली. तिला सलाइन लावावं लागलं. डॉक्टर, कोच, फिजिओ असा सगळा ताफा सोबत असताना ही अवस्था! आणि ते वजन चरबीचं नव्हतंच, घाम होता. आपण तेच एका रीलच्या भरवशावर करायला निघतो.

बरा वेग कोणता?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित मानतात. वजन कमी करतानाही रोजचा आहार १,००० कॅलरींच्या खाली नेऊ नका आणि त्यात सगळी पोषणद्रव्यं असू द्या, असंही त्या सांगतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्य यंत्रणा अर्धा ते एक किलो म्हणतात. ज्यांचं वजन मुळात खूप जास्त आहे, त्यांचं सुरुवातीला थोडं वेगानं उतरतं. आपल्यासारख्या चार-सहा किलो जास्त असलेल्यांना अर्धा किलोच पुरे.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण पाच किलोंना दहा आठवडे. जूनच्या शेवटी सुरुवात केली तर गणपतीपर्यंत झालं.

घाई केली की बिल कोण भरतं?

एक, स्नायू. प्रथिनं आणि व्यायामाशिवाय उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्याला दोन्ही सारखेच दिसतात, तुम्हाला मात्र स्टेशनचा जिना चढताना फरक कळतो.

दोन, पित्ताशय. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं वजन उतरलं तर पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो.

तीन, केस आणि पाळी. उपासमारीचा धक्का बसल्यावर केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे आपण शाम्पूला दोष देत बसतो. आणि अन्न कमी पडतंय असं वाटलं की शरीर पाळी थांबवू शकतं.

चार, डोकं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते सतत कुडकुडायचे, चिडचिड करायचे, उदास व्हायचे. आणि दिवसभर अन्नाचाच विचार! काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. मी रात्री दोनपर्यंत मिसळीचे व्हिडिओ का बघत होते, हे मला हे वाचल्यावर कळलं.

पाच, पुढची वर्षं. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकन रिअॅलिटी शोच्या १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० आठवड्यांत त्यांचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं. सहा वर्षांनी त्यातलं ४१ किलो परत आलं होतं आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे २०० लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात निम्म्यांनी १२ आठवड्यांत वजन उतरवलं, निम्म्यांनी ३६ आठवड्यांत. तीन वर्षांनी दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आलं होतं. म्हणजे हळू गेलात की वजन परत येणारच नाही, अशी गॅरंटी नाही. पण तिथे वेगानं जाणाऱ्यांवर तज्ज्ञांची नजर होती आणि त्यांना पोषणाचा हिशेब करून दिलेला आहार होता. आपल्याकडे काकडी आणि रील असतं. टिकतं ते वजन नाही, सवय टिकते. म्हणून पाच वर्षं करता येईल असंच काहीतरी सुरू करा.

२०२५ च्या मार्चमध्ये केरळमधल्या एका १८ वर्षांच्या विद्यार्थिनीचा अतिरेकी डाएटनंतर मृत्यू झाल्याची बातमी देशभर आली होती. इथे बिल जिवावर आलं. ती आपल्याच वयाची होती.

दीक्षित की दिवेकर?

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा. ही कल्पना मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांची, असंही ते सांगतात. ऋजुता दिवेकर सांगत, थोडं थोडं खा, घरचं आणि आपल्या भागात पिकतं ते खा. आमच्याकडे बाबा दीक्षित पार्टी आणि आई दिवेकर पार्टी. जेवणाच्या वेळा जुळेनात!

पण गंमत बघा. दीक्षितांनी स्वतःचं वजन तीन महिन्यांत आठेक किलो उतरल्याचं सांगितलंय. भागाकार करा, आठवड्याला साधारण ६०० ग्रॅम. आणि दिवेकर तर काट्याच्या मागे लागूच नका, झोप आणि उत्साह बघा म्हणतात. पद्धतीवरून कितीही भांडा, '२१ दिवसांत १०' दोघांपैकी कुणाकडेच नाही.

आधी बघा, गरज आहे का?

वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले उंची. हा बीएमआय. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ पासून जास्त, २५ पासून लठ्ठपणा. माझा होता २३.३. अगदी उंबरठ्यावर! त्यासाठी मी पाळी घालवून बसले. तुमचा १८.५ च्या खाली असेल तर डाएट हा विषयच बंद.

हे आपल्या जिल्ह्यात जास्त ठळकपणे सांगायला हवं. जव्हार-मोखाड्यातल्या अंगणवाडीत मुलांना काट्यावर ठेवतात ते वजन वाढलं का, हे बघायला. त्याच पालघर जिल्ह्यात आपण जिममध्ये काट्यावर उभे राहतो ते उतरलं का, हे बघायला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त आहे, जवळपास १९ टक्के स्त्रियांचं कमी आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे मुलींनो, काट्याआधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात होतं.

आणि भरतीवाल्यांनो, मैदानी चाचणीच्या ५० गुणांत वजनाला एकही गुण नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. उपाशीपोटी स्नायू घालवून बसलात तर धावणार कशाच्या जोरावर?

अर्धा किलो आणायचा कुठून?

आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोज साधारण ५५० कॅलरींची तूट. काकडीवर राहायची गरज नाही. चमचाभर साखरेत २० कॅलरी असतात. कॅन्टीनचा चहा चार वेळा पीत असाल आणि दोनाऐवजी एकच चमचा घातला, तर ८० वाचल्या. ६०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ६० ग्रॅम साखर असते, म्हणजे २४०. ट्रेन लेट झाली म्हणून खाल्लेला वडापाव साधारण ३००. झाले की ६२०! रोज यातलं सगळं घेत नसाल तर उरलेलं पाऊण तास झपझप चालून भरून काढा.

बाकी ताट आपलंच. तांदळाची भाकरी सोडू नका, एक कमी करा. भात मोजून घ्या आणि त्याच्या शेजारी प्रथिनं वाढवा: मुगाची उसळ, वाल, अंडी, सुका बोंबील, जवळ्याची चटणी. बोंबील तळण्याऐवजी कालवणात घाला, कारण मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. एमआयडीसीत नाइट शिफ्ट करत शिकत असाल तर ड्युटीला जाण्याआधी नीट जेवा आणि दिवसा झोप पूर्ण करा. झोप कमी पडली की भूक वाढते.

हे कापून ठेवा

• आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच काट्यावर वजन करा. रोजचा अर्धा-एक किलोचा चढउतार पाण्याचा असतो.
• पहिल्या आठवड्यात जास्त उतरलं तर नाचू नका, तिसऱ्या आठवड्यात थांबलं तर रडू नका.
• चक्कर, धडधड, पाळी चुकणं, केस गळणं: डाएट थांबवा, डॉक्टरांना दाखवा.
• थायरॉइड, डायबेटीस, पीसीओएस असेल किंवा बीएमआय ३० च्या वर असेल तर सुरुवातच डॉक्टरांपासून करा. वजनाची इंजेक्शनं ऐकून-बघून घ्यायची नसतात.
• खाल्ल्याची लाज वाटते, मुद्दाम उलटी काढावीशी वाटते, आरशासमोरून हलवत नाही? मग हा डाएटचा प्रश्न राहिला नाही. टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.

माझं वजन आज ५४ आहे. ५८ वरून इथे यायला आठ महिने लागले, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोही नाही. यावेळी कुणीच 'किती बारीक झालीस' म्हटलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. चालेल. त्या मावशी अजूनही कधीकधी पालघरच्या फलाटावर दिसतात आणि अजूनही तेच विचारतात. आता माझ्याकडे उत्तर असतं: दोन अंडी, एक भाकरी.

तुम्ही आज सकाळी काय खाल्लंत?