मानशीवरचं भांडण

वारसा म्हटला की गोव्यात पणजीतल्या फोंतांयशची रंगीत घरं पुढे येतात. मला मात्र कित्येक वर्षं ओढ आहे ती मानशीची. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधातलं हे लाकडी दार. भरतीच्या रेट्यानं आपसूक मिटतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. भरतीच्या पातळीखालची साधारण १८ हजार हेक्टर जमीन या युक्तीवर आणि मातीच्या बांधांवर तगली. पावसानं मीठ धुऊन निघतं, खारं सोसणारं कोरगुट भात येतं. हे बहुतेकांना ठाऊक असतंच.

ठाऊक नसतो तो १५२६चा ‘फोराल’. पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी अफोंसु मेशिय यानं तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या चालीरीती त्यात उतरवून घेतल्या. गावकारी या ग्रामसंस्थेची जन्मकथाही त्यात आहे: चार माणसं ओसाड बेटावर गेली, त्यांनी जमीन पिकवली, ते गावकार झाले. लोकांना विचारून लिहिलेलं इतकं जुनं टिपण हाती आलं की हरखायला होतं. पण विचारणाऱ्याला सारा वसूल करायचा होता आणि सांगणाऱ्यांना आपला हक्क राखायचा होता. चिखल उपसणारे कुणबी-गावडे त्या चौघांच्या गोष्टीत कुठे आहेत? मूळच्या गोव्याच्याच दामोदर कोसंबींनी जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर १९४७ साली लिहिलं. हाच प्रश्न मनात ठेवून ते वाचल्यापासून ‘सगळा गाव एकदिलानं बांध राखायचा’ असं काही माझ्या हातून लिहवत नाही.

एकदिलाचं तर मानशीवरही काही नसतं. तिथे जाळं लावायचा हक्क गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद, लिलावात देई, त्या पैशातून डागडुजी होई. जाळं लावायचं ते ओहोटीच्या पाण्यावर. पण बोली जिंकलेल्याला कोळंबी हवी, म्हणून तो भरतीलाही दार उघडं धरतो. खारं पाणी भातात शिरतं, कूळ बोंब मारतं. कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीनं कुळं मालक झाली, बांध आणि लिलाव कुळसंघांकडे आले. भांडण मिटायला हवं होतं. ते संघाच्या आतच शिरलं. ज्यानं नांगर सोडला, त्याला लिलावातला वाटा भातापेक्षा गोड लागतो. जो अजून पेरतो, त्याचं मत एकच.

आता नकाशे निघताहेत. २०११च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं खाजनांचे नकाशे करायला सांगितलं, तिथे बांधकामाला मज्जाव केला आणि खाजनांलगतची खारफुटी राखायलाही सांगितलं. बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतात खारफुटी माजते. उपग्रहाला ती हिरवळ दिसते, पेरणाऱ्याला बुडालेले वाफे. मग बांध पुन्हा घालायचा तर खारफुटीला हात लागतो. म्हणून नकाशासाठी गावात माहिती गोळा करणाऱ्यानं नुसत्या कुळसंघाच्या अध्यक्षाशी बोलून परतू नये. मानशीचा ठेकेदार आणि रोजावर बांध लिंपणारी बाई, दोघांनाही गाठावं. दार कोणत्या रात्री भरतीला उघडं होतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं.