बोर्डिंगची मुले आणि घरून येणारी मुले

आदिवासी मुलांसाठी सरकारच्या आश्रमशाळा आहेत. मग मिशनच्या शाळेने गावातल्या मुलांबरोबर बोर्डिंगचीही मुले कशाला घ्यायची, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या अंगाला कोरकू, निहाल, भिलाला यांच्या वस्त्या आहेत. पुष्कळ ठिकाणी गावातली शाळा चौथीलाच संपते. शिक्षण हक्क कायदा (2009) सहा ते चौदा वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंत. खरी गळती नववीत होते. दिवाळीनंतर घरचे लोक कापूस वेचायला, वीटभट्टीवर, ऊसतोडीला निघतात. मूल एकटे घरी कसे राहणार? तेही जाते. होळीला परत येते तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते, कारण दहावीच्या परीक्षेला बोर्ड 75 टक्के हजेरी मागते. बोर्डिंगमधली एक खाट म्हणजे ही हजेरी.

आश्रमशाळांना मी नावे ठेवत नाही. त्या नसत्या तर कितीतरी मुले शाळेत गेलीच नसती. पण तिथे बहुतेक मुले आदिवासीच. आमच्याकडे डोंगरातली मुलगी बाजारपेठेतल्या मुलीशेजारी एकाच बाकावर बसते, आणि याचा मोठा फायदा भाषेत होतो. कोरकू ही मुंडारी, संथाळीच्या कुळातली; मराठीशी तिचे नाते नाही. निहालांची भाषा तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही, बोलणारे उरले सुमारे दोन हजार. असे मूल वर्गात गप्प बसले की शिक्षक त्याला ‘ढ’ समजून मोकळे होतात. बाकावरची मैत्रीण मात्र डबा खाता खाता त्याला वऱ्हाडी शिकवते, आणि आमच्यापेक्षा लवकर शिकवते.

‘मुलांना ख्रिस्ती करता का?’ हेही विचारले जाते. अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क संविधानाच्या कलम 30 ने दिला आहे. पण शाळा सरकारमान्य असेल तर पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही, असे कलम 28 सांगते. बोर्डिंगमधली बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत, आणि ती सुट्टीत आपापल्या घरचे सण करतात.

आता पैशाचे. आमची शाळा विनाअनुदानित असल्याने घरून येणाऱ्या मुलांच्या फीमधून शिक्षकांचे पगार कसेबसे निघतात. बोर्डिंगची ज्वारी, तूरडाळ, तेल, मुलींच्या वसतिगृहाची राखणदार बाई, हे त्यात भागत नाही. आपली देणगी लागते ती इथे.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सिस्टर वस्त्या-वस्त्यांवर फिरतात, त्यालाही कारण आहे. मुकादमाची उचल घेण्याआधी आईबापांशी बोलणे झाले तर मूल बोर्डिंगला परत येते. उचल घेतल्यावर क्वचितच.