लाकडी क्यूला कार्बन फायबरचे आव्हान

पूलच्या टेबलावर खेळाडूच्या हाती दिसणारी क्यू म्हणजे वरकरणी एक निमुळती, गुळगुळीत काठी. पिढ्यानपिढ्या ती लाकडाचीच होती. गेल्या तीन दशकांत मात्र तिच्या अंतरंगात मोठे स्थित्यंतर घडले आहे. हजारो रुपये मोजून नवी क्यू घ्यावी की हाताला सरावलेली लाकडी क्यूच जपावी, असा प्रश्न आज हौशी खेळाडूंपुढेही उभा आहे. त्याचे उत्तर जाहिरातींपेक्षा पदार्थविज्ञानात शोधणे अधिक हिताचे ठरेल.

पूलच्या पारंपरिक क्यूचे दोन भाग असतात. मागचा जाड भाग म्हणजे बट आणि पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. शाफ्टसाठी उत्तर अमेरिकेतील हार्ड मेपलचे लाकूड वापरले जाते, तर ब्रिटिश परंपरेतील स्नूकरच्या क्यूसाठी ॲशला पसंती असते. पूलच्या क्यूची लांबी साधारणतः ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस आणि टोकाचा व्यास १३ मिलिमीटरच्या आसपास असतो. टोकाला चामड्याची टिप बसविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये रुजली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देणे शक्य झाले.

खरी अडचण या फिरकीतूनच उद्भवते. पांढऱ्या चेंडूच्या मध्यावर आघात केल्यास तो सरळ जातो. फिरकीसाठी उजवीकडे आघात केला, की तो नेम धरलेल्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकतो. या विचलनाला इंग्रजीत ‘स्क्विर्ट’ किंवा ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. हे विचलन केवळ एक अंशाचे असले, तरी सहा फुटांवर पोहोचेपर्यंत चेंडू सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. पूलच्या चेंडूचा व्यासच ५.७ सेंटिमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास एवढी चूक किती महागात पडते याची कल्पना यावी.

वजनाचा खेळ

टिप आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत फिरू लागलेला चेंडू क्यूच्या टोकाला बाजूला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने स्वतः विरुद्ध दिशेला सरकतो. या क्षणी संपूर्ण क्यू नव्हे, तर पुढचे काही इंचच परिणाम घडवितात. हा भाग जितका जड, तितके विचलन अधिक. म्हणजेच मुख्य मुद्दा क्यू लाकडाची की कार्बनची हा नसून तिच्या टोकाच्या वजनाचा आहे.

हेच सूत्र धरून अमेरिकेतील प्रिडेटर कंपनीने १९९० च्या दशकात मेपलच्या दहा फाका चिकटवून, टोकाकडे पोकळ ठेवलेला शाफ्ट बाजारात आणला. त्यानंतर २०१६ च्या सुमारास कार्बन फायबरचे शाफ्ट आले. कार्बन फायबर वजनाला हलके आणि कमालीचे ताठ असते. शिवाय हवेतील दमटपणाने ते वाकत नाही. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात लाकडी क्यू सांभाळणाऱ्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही नव्या तंत्रज्ञानाबाबतचे काही समज तपासून घ्यायला हवेत. अशा शाफ्टमुळे अधिक फिरकी मिळते, हा त्यातला एक. प्रत्यक्षात चेंडूवर त्याच जागी आघात केला, तर फिरकी जवळपास तेवढीच मिळते. कमी होते ते विचलन, आणि तेही पूर्णपणे नाहीसे होत नाही. वर्षानुवर्षे लाकडी क्यूवर खेळलेला खेळाडू विचलनाची भरपाई नकळत करीत असतो. त्याने शाफ्ट बदलला, की हीच सवय त्याचा नेम चुकविते. नव्याशी जुळवून घेण्यासाठी पुन्हा सराव करावाच लागतो. कार्बनचा शाफ्ट लाकडाप्रमाणे घासून हवा तितका बारीकही करता येत नाही आणि त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे अपायकारक असते. एकट्या शाफ्टची किंमतही काहीशे डॉलरच्या घरात जाते.

लाकडाचे आकर्षण त्यामुळे संपलेले नाही. न्यूयॉर्कचे कारागीर जॉर्ज बालाबुश्का (१९१२-१९७५) यांनी हाताने घडविलेल्या क्यू आजही संग्राहकांना मोलाच्या वाटतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळविले, तेव्हा कार्बनचे शाफ्ट अस्तित्वातही नव्हते.

नवशिक्याने प्रथम सरळ, योग्य वजनाची साधी क्यू घेऊन आपला फटका स्थिर करावा, हेच श्रेयस्कर. फिरकीचा वापर नियमित होऊ लागला, की कमी विचलनाच्या शाफ्टचा लाभ खऱ्या अर्थाने जाणवतो. मात्र एकदा निवड केल्यावर ती वारंवार बदलू नये, कारण नेम बसतो तो त्याच क्यूच्या सततच्या सरावाने.