मुंबईतील गिरणी जमिनींचा वाद

मुंबईतील गिरणी जमिनींचा वाद हा मध्य मुंबईतील कापड गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीच्या पुनर्विकासाविषयीचा वाद आहे. मालकांचे हक्क, कामगारांची देणी आणि शहराच्या सार्वजनिक गरजा हे त्यातील प्रमुख मुद्दे होत.

पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे लालबाग, परळ, भायखळा हा परिसर ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमीन अधिक मोलाची ठरली.

नियम ५८

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे साधारणतः तीन भाग करायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. राज्य शासनाने १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. परंतु तिचा एकत्रित आराखडा अमलात आला नाही.

२००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित झाली. गिरण्यांची बहुतेक जमीन इमारतींनी व्यापलेली असल्याने सार्वजनिक वाटा अत्यंत घटला. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालकांविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो रद्द ठरवला.

मतभेद

दुरुस्तीच्या समर्थकांच्या मते, जमीन विकल्याविना आजारी गिरण्यांकडे कामगारांची थकबाकी देण्यास पैसा नव्हता. विरोधकांच्या मते, दाट वस्तीच्या शहराने उद्याने व परवडणारी घरे यांची दुर्मीळ संधी गमावली.

याच्याशी निगडित प्रश्न चटई क्षेत्र निर्देशांकाचा आहे. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरासाठी तो सर्वसाधारणपणे १.३३ होता; म्हणजे १,००० चौरस मीटर भूखंडावर एकूण १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येई. काही अर्थतज्ज्ञांच्या मते अशी मर्यादा घरांचा पुरवठा रोखून किमती वाढवते. मर्यादेचे समर्थक पाणी, मलनिस्सारण व रस्ते यांच्या क्षमतेकडे लक्ष वेधतात. मर्यादा कायम ठेवून निवडक सवलती दिल्यास, त्या मिळवण्याची ताकद असलेल्या बड्या कंपन्यांनाच लाभ होतो, असाही आक्षेप घेतला जातो.

परिणाम

गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये व उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी घरांची सोडत काढली. मात्र अर्जांची संख्या उपलब्ध घरांच्या अनेक पट असल्याने बहुसंख्य अर्जदारांची प्रतीक्षा संपली नाही.