जुन्या आरएक्स-७ची निगा आणि फेरबदल

हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीने १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ या नावाच्या आठ लाखांहून अधिक स्पोर्ट्स कार बांधल्या. त्यांपैकी तिसऱ्या पिढीची, म्हणजे १९९१ च्या अखेरीस बाजारात आलेली आणि जाणकारांमध्ये ‘एफडी’ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी गाडी आज हौशी खरेदीदारांना सर्वाधिक हवीशी वाटते. ठेंगणी, गोलाईदार, साडेबाराशे ते तेराशे किलो वजनाची आणि इंजिन पुढील चाकांच्या आसामागे बसवल्यामुळे दोन्ही आसांवर जवळजवळ सारखाच भार टाकणारी ही गाडी रस्त्यावर अत्यंत चपळ असते, हे तिच्या लौकिकाचे खरे कारण आहे. परंतु अशी गाडी घेणारा माणूस बहुधा पहिल्याच आठवड्यात मोठ्या सायलेन्सरची आणि टर्बोचा दाब वाढवण्याची यादी करू लागतो, आणि रोटरी इंजिनाच्या बाबतीत नेमका हाच क्रम महागात पडतो. कारण या इंजिनाची प्रकृती आधी मोजून, त्याची उष्णता आणि वंगण सांभाळून मगच ताकद वाढवायची असते, आणि तसे न केल्यास पहिला धक्काच शेवटचा ठरू शकतो.

असे का होते हे समजण्यासाठी इंजिनाची रचना पाहावी लागते. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली सरकतो आणि झडपा उघडझाप करून हवा आत घेतात व धूर बाहेर सोडतात. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये जे इंजिन प्रथम चालले, त्यात दट्ट्याही नव्हता आणि झडपाही नव्हत्या. माझ्दाने पुढे विकसित केलेल्या रूपात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, फिरत राहतो आणि त्याच्या तीन बाजू व पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होऊन ते सतत लहानमोठे होतात. प्रत्येक कप्प्यात मिश्रण शिरते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर पडते. रोटरचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा शक्ती बाहेर नेणारा दंड तीन वेळा फिरलेला असतो. एफडीच्या ‘१३बी’ इंजिनात प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे असे दोन रोटर आहेत, म्हणजे कागदोपत्री इंजिन १,३०८ सीसीचेच भरते. जपानी करव्यवस्था मात्र रोटरीच्या आकारमानाला दीडने गुणते आणि तिला दोन लिटरच्या गाड्यांच्या गटात बसवते.

रोटरच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेली, स्प्रिंगने भिंतीशी दाबून धरलेली एकेक धातूची पट्टी असते. तिलाच एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातील वायू शेजारच्या कप्प्यात जाऊ नये, ही तिची जबाबदारी. तिच्या जोडीला प्रत्येक रोटरवर सहा कोपऱ्यांची आणि सहा कडांची सील असतात, पण इंजिनाचे आयुष्य प्रामुख्याने या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर ठरते. १९६० च्या दशकात केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखाली माझ्दाचे ४७ अभियंते या प्रश्नाशी झुंजत होते, तेव्हा चाचणीच्या इंजिनांत पट्टी थरथरून हाउसिंगच्या गुळगुळीत भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठत आणि त्यांना तेथे ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव पडले होते. ॲल्युमिनियम भिनवलेल्या कार्बनची पट्टी हा त्यावरचा तोडगा ठरला आणि १९६७ मध्ये दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस आली. त्यानंतर पट्ट्यांचा धातू बदलला, जाडी बदलली, तरी प्रश्नाचे मूळ तेच राहिले, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम तपासायचे तेही तेच.

ही तपासणी म्हणजे कॉम्प्रेशनची, अर्थात कप्प्यातील दाबाची चाचणी. साध्या गॅरेजमधील दाबमापक येथे फसवतो, कारण प्लगच्या एकाच भोकासमोरून रोटरच्या तिन्ही बाजू आळीपाळीने जातात आणि साधा काटा त्यांतील सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. तीनपैकी एक बाजू पूर्ण निकामी असली तरी गाडी निरोगी भासते. रोटरीसाठी तयार केलेले यंत्र तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे देते आणि ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला अनुसरून वाचायचे असतात. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोच्या आसपास आकडा घसरला की इंजिन उतरवण्याची वेळ जवळ आली असे समजतात, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड किलोहून अधिक तफावत असेल तर सरासरी कितीही चांगली असली तरी तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. इंजिन तापलेले आणि बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच ही चाचणी करावी लागते. विक्रेता ती करू देत नसेल, तर इंजिन बांधून घेण्याचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले लक्ष ऑइलकडे जाते. हे इंजिन ऑइल जाळते आणि ते त्याने जाळायचेच असते, कारण एपेक्स सीलला वंगण मिळावे म्हणून मीटरिंग पंप नावाचा एक छोटा पंप मोजके ऑइल थेट ज्वलनाच्या पोकळीत सोडत असतो. म्हणून पेट्रोल भरताना दर वेळी डिपस्टिक पाहणे आणि साधारण पाच हजार किलोमीटरच्या आत ऑइल बदलणे हा या गाडीचा नित्यनेम ठरतो; ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते पातळ होण्याची प्रवृत्तीही येथे अधिक आहे. तीस वर्षांच्या पंपावर विसंबण्यापेक्षा अनेक मालक पेट्रोलच्या टाकीतच शंभर ते दोनशे भागांस एक भाग या प्रमाणात टू-स्ट्रोक ऑइल घालतात. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मिसळून घेणाऱ्या चेतक स्कूटरच्या पिढीला ही रीत नवी वाटणार नाही, आणि तिच्यामागील कारणही फारसे वेगळे नाही.

दुसरा विषय उष्णतेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. दट्ट्याच्या इंजिनात थंड मिश्रण आणि ज्वाला एकाच जागी आळीपाळीने येतात, त्यामुळे सिलिंडरला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. रोटरीत मात्र हाउसिंगची एक बाजू कायम थंड आणि दुसरी कायम जळती राहते. या असमान प्रसरणाचा ताण हाउसिंगच्या थरांमधील रबरी सीलवर पडतो, आणि गाडी एकदा जरी जास्त तापली तरी ती सील फुटून कूलंट ज्वलनाच्या पोकळीत शिरू लागते. सकाळी सुरू करताना येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि विनाकारण कमी होत जाणारे कूलंट ही त्याची लक्षणे. एफडीत कूलंटमधील हवा वेगळी करणारी एक छोटी प्लास्टिकची टाकी आहे. वयानुसार ती जोडाशी चिरते आणि सारे कूलंट काही मिनिटांत रस्त्यावर सांडते, म्हणून धातूची टाकी बसवणे हा या गाडीतील पहिला आणि सर्वांत शहाणपणाचा फेरबदल मानला पाहिजे. त्याच बैठकीत रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सर्व होज पाइप तपासावेत. डॅशबोर्डवरील मूळ तापमानाचा काटा मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहतो आणि तो हलेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, त्यामुळे अंश दाखवणारा स्वतंत्र मापक लावणे चैनीत मोडत नाही.

प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, कारण ज्वलनाचा कप्पा लांबट व चपटा असून एका ठिणगीने तो नीट पेटत नाही. आघाडीचा आणि पिछाडीचा प्लग वेगवेगळ्या उष्णताक्षमतेचे असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद केली तर न जळलेले पेट्रोल आत साचते, सीलवरील ऑइल धुतले जाते आणि पुढच्या वेळी कितीही सेल्फ मारला तरी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, प्लग सुकवून, इंजिन नुसते फिरवून पेट्रोल बाहेर काढावे लागते.

एफडीच्या दोन टर्बोंची व्यवस्था तिच्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. कमी वेगावर पहिला टर्बो एकटाच हवा दाबतो आणि मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांवर दुसरा त्याला येऊन मिळतो. हा बदल घडवण्यासाठी इंजिनाच्या वर, इनटेक मॅनिफोल्डखाली, बारीक रबरी नळ्यांचे आणि विजेच्या झडपांचे एक जाळे दडलेले आहे. उष्णतेने या नळ्या कडक होतात, बोटाने वाकवताच तुटतात, आणि एखादी नळी निसटली तरी ४,५०० च्या सुमारास दाब एकदम कोसळतो. मॅनिफोल्ड उतरवून, एकेक नळी आकृतीशी ताडून सिलिकॉनची नवी नळी घालणे हे कंटाळवाणे काम आहे. पण ते न करता टर्बोलाच दोष देऊन ही सारी व्यवस्था उपटून टाकणारे मालक एका सुंदर यंत्ररचनेला मुकतात.

एवढे झाल्यावर ताकदीचा प्रश्न घ्यायला हरकत नाही. १९९१ मध्ये हे इंजिन २५५ अश्वशक्तीचे होते आणि १९९९ पर्यंत ते २८० वर गेले. टर्बोनंतर लगेच येणारा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या खोलीत प्रचंड उष्णता साठवतो, म्हणून तो काढून साधा पाइप बसवण्याकडे सर्वांचा कल असतो, मात्र जपानमधील शाकेन या सक्तीच्या तपासणीत आणि इतर देशांच्या प्रदूषण-नियमांत तो बसतो का, हे आधी पाहावे लागते. धुराची वाट मोकळी झाली की टर्बो जोमाने फिरतात, दाब नियंत्रित करणारी लहान झडप पुरी पडत नाही आणि कारखान्याने ठरवलेली सुमारे ०.७ किलोची मर्यादा आपोआप ओलांडली जाते. हवा वाढली, पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही, तर नॉकिंग होते, म्हणजे मिश्रण ज्वाळेची वाट न पाहता स्फोटासारखे एकदम पेटते. दट्ट्याचे इंजिन असे काही धक्के सोसून घेते. रोटरीत मात्र एपेक्स सील तडकते, तिचा तुकडा भिंत खरवडत धुराच्या वाटेने बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बोची पाती मोडतो.

म्हणूनच मोठा सायलेन्सर लावण्याआधी नव्याने प्रोग्रॅम करता येणारा इंजिन-संगणक, सक्षम पेट्रोल पंप, मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर आणि मोठा इंटरकूलर यांची तजवीज करावी, आणि पेट्रोल अधिक ऑक्टेनचेच वापरावे. दोन टर्बोंच्या जागी एकच मोठा टर्बो बसवणे किंवा हाउसिंगची छिद्रे घासून मोठी करणे, ज्याला पोर्टिंग म्हणतात, ही कामे इंजिन उघडल्यावरच विचारात घ्यावीत. पोर्टिंग जितके मोठे, तितकी कमी वेगावरील चाल खडबडीत होते, आणि रोजच्या वापराच्या गाडीत रस्त्यापुरते हलके पोर्टिंगच सोसते.

महाराष्ट्रात ही गाडी क्वचितच दिसते, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आयात करण्यास सर्वसाधारण परवानगी नाही आणि माझ्दाचे नाव येथे मुख्यतः स्वराज माझ्दाच्या ट्रक व मिनीबसमुळेच परिचित आहे. जपान, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र ती विकत मिळू शकते. अमेरिकेतही गाडीला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर आयात खुली होते, आणि १९९० च्या दशकातील एफडींनी हा टप्पा ओलांडला आहे.

इंजिन कधीतरी बांधावे लागणार, हे गृहीत धरूनच या गाडीचा जमाखर्च मांडावा. इंजिन खोलल्यावर सर्व सील, स्प्रिंगा व रबरी भाग नवे घालतात; खरा प्रश्न हाउसिंगचा असतो, कारण त्याच्या आतील क्रोमचा थर उडाला असेल तर सिलिंडरप्रमाणे त्याला बोअर करून चालत नाही, ते बदलावेच लागते. माझ्दाने २०२० नंतर जुन्या आरएक्स-७साठी काही सुटे भाग पुन्हा उपलब्ध केले आहेत, ही मालकांच्या दृष्टीने मोठीच दिलाशाची गोष्ट. नव्याने बांधलेले इंजिन पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलक्या हाताने, टर्बोवर ताण न देता चालवतात, जेणेकरून पट्ट्या भिंतीवर नीट बसतात. त्यानंतर ऑइल बदलून दोन्ही रोटरांच्या सहाही बाजूंचा दाब मोजतात आणि ते सहा आकडे गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवतात, कारण पुढील प्रत्येक चाचणी त्यांच्याशीच ताडून पाहायची असते.